टाचणीबाईंची तोंडी परीक्षा

मी शाळेची बस चालवते. मागे बसभर पोरं, पुढे भर रस्त्यातली रहदारी, आणि मधे मी. माझा आवाज बसच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे असं पालक म्हणतात. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मी कधी विचारलेलं नाही. तर अशी मी, आणि त्या दिवशी इस्पितळाच्या खोलीत माझी चक्क दातखीळ बसली.

एकटी मीच असते तरी एक वेळ ठीक. माझ्या शेजारी माझी शाळेतली मैत्रीण होती, टोपणनाव लांबी, जी रेडिओवर बातम्या वाचते. तिच्या शेजारी आमच्याच वर्गातली मुंगी होती, जी वकील आहे आणि कोर्टात उभी राहिली की समोरच्याला घाम फुटतो. तिघींचा दिवस बोलण्यावर चालतो. आणि तिघी पलंगाच्या पायथ्याशी उंचीच्या क्रमाने, हात मागे बांधून, मूग गिळून उभ्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत शिरलो, पलंगावर आमच्या शाळेतल्या बाई दिसल्या आणि आमच्या टाचा आपोआप जुळल्या. पन्नाशी गाठलेल्या बायका आम्ही! माझी मलाच लाज वाटली, पण हात काही पुढे येईनात.

"अहो, बोला ना तिच्याशी," बाईंची भाची म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, ओळखीचे आवाज कानावर पडू देत. त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला."

लांबीने घसा साफ केला. मुंगीने स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसला. मी बाईंच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तो पांघरुणावर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडला होता. बाईंना झटका येऊन महिना होत आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. तोंडाची एक कड जराशी खाली आली होती. केस मात्र घट्ट विंचरलेले होते. भाचीने तेवढी काळजी घेतली होती, म्हणून ती मला लगेच आवडली.

"बाई," मी अखेर म्हटलं, "नमस्कार." एवढ्यावर माझी गाडी बंद पडली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं त्या बाईंमध्ये? तर ऐका. आमची शाळा मुलींची आणि निवासी होती. गावापासून दूर, चारी बाजूंनी भिंत. घरं लांबची, आईबाप कामात, म्हणून आम्ही तिथे. बाई गणित शिकवायच्या आणि वसतिगृहही त्यांच्याच ताब्यात होतं, म्हणजे दिवसा सुटका नाही आणि संध्याकाळीही नाही. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, म्हणून त्या टाचणीबाई. नाकावर माशी बसू देत नसत. चादरीला सुरकुती दिसली की सगळा पलंग उसकटून पुन्हा लावायला सांगायच्या. फळ्यावर कुणी चूक लिहिली की बाई ती चूक पुसू द्यायच्या नाहीत. आधी सगळ्या वर्गाने ती नीट बघायची, मग जिने केली तिने ती स्वतः शोधायची, तोवर कुणी जागचं हलायचं नाही. घंटा होवो नाहीतर भूकंप होवो.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम जेवणघरात होता. जेवताना बोलायचं नाही. एक अक्षर नाही. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना मुली, आणि मधल्या वाटेने बाई येरझाऱ्या घालत असायच्या. जी बोलेल ती ताट घेऊन भिंतीशी उभी राहून जेवणार. माझं टोपणनाव भोंगा. त्या भिंतीशी माझी इतकी घसट झाली होती की तिच्यावरचे पोपडे मला तोंडपाठ होते.

आम्ही काही कमी नव्हतो. खुणा काढल्या. उजव्या हातात चमचा असायचा, म्हणून सगळ्या खुणा डाव्या हाताच्या, टेबलाच्या कडेला, ताटाआड. अंगठा दोन बोटांवर घासला की मीठ. तर्जनी खाली केली की पाणी. पालथी मूठ म्हणजे भात अजून हवा. चिमटीत टाचणी धरल्यासारखं केलं की सावध, बाई आल्या. आणि एक खूण अशी होती की ती कुणी ठरवून काढली नव्हती, आपोआप झाली होती. मूठ गालाला टेकवायची. म्हणजे घरची आठवण येतेय, रडू येतंय. ही खूण कुणी केली की त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही असं ठरलेलं होतं.

या खुणांचा आम्हाला केवढा अभिमान! बाईंच्या नाकाखाली आम्ही अख्खी भाषा बोलतो आणि बाईंना पत्ता नाही. शाळा सुटल्यावरही आम्ही तिघी भेटलो की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून हसायचो.

तर त्या दिवशी खोलीत आमचं हे असं चाललेलं. आम्ही मुक्या, बाई मुक्या. भाचीची मात्र तोंडाला फेस येईपर्यंत धावपळ. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. मावशीसाठी रजा काढून आली होती आणि रजा संपत आली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे जवळचं माणूस म्हणजे हीच.

"मावशी रोज सकाळी रेडिओला कान लावून बसायची," ती लांबीला म्हणाली. "म्हणायची, ही माझी मुलगी. म्हणून मी रेडिओवाल्यांना फोन करून तुमचा पत्ता काढला."

लांबीचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"आणि म्हणायची, अजून वाक्याच्या मधेच श्वास घेते. किती सांगितलं तरी सुधारत नाही."

मी आणि मुंगी फिस्सकन हसलो. लांबीही हसली. बाईंनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही तिघी पुन्हा ताठ.

तेवढ्यात जेवणाचा ट्रे आला. पातळ खिचडीसारखं काहीतरी आणि एक वाटी सूप. भाचीने चमचा भरून बाईंच्या तोंडाशी नेला. बाईंनी एक घास घेतला आणि ओठ घट्ट मिटले. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"हे असं रोज चालतं," भाची हताशपणे म्हणाली. "चमचा कशासाठी आहे तेही तिला कळत नाही बहुतेक. पहिला घास घेते आणि मग तोंड बंद. आणि डावा हात सारखा असा चालू असतो. डॉक्टर म्हणाले, सवयीची हालचाल असते, तिला अर्थ नसतो."

आम्ही डाव्या हाताकडे पाहिलं. बाईंचा अंगठा दोन बोटांवर घासत होता. हळूहळू, पुन्हा पुन्हा, पांघरुणाच्या कडेला.

मुंगीने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. "भोंग्या," ती कुजबुजली, "मीठ."

मी बाहेर धावले आणि परिचारिकेला गाठलं. ती म्हणाली, रक्तदाबामुळे जपून द्यायचं, पण आजचं जेवण अगदीच अळणी आलंय, चिमूटभराने काही बिघडत नाही. तिने स्वतःच येऊन सुपात चिमूटभर मीठ घातलं आणि ढवळलं. भाचीने चमचा पुढे केला. बाईंनी तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. वाटी रिकामी झाली.

भाची वाटीकडे बघत बसली. "म्हणजे तिला कळतंय?"

आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. जी दातखीळ बसली होती ती अशी उघडली की परिचारिकेने दार लावून घेतलं. मुंगीने खुणांची सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता ती मधेच थांबली.

"पण मग मीठ येत कसं होतं?" ती म्हणाली. "आपण खूण करायचो आणि मीठ यायचं. मी समजायचे, लांबी सरकवते."

"मी कुठून सरकवणार? वाटी आपल्या टेबलावर नसायचीच," लांबी म्हणाली. "मला वाटायचं भोंगा."

"मी भिंतीशी उभी असायचे!" मी ओरडले.

मग आम्हाला आठवलं ते एकच. बाई मधल्या वाटेने जायच्या आणि जाता जाता एका टेबलावरची मिठाची वाटी उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायच्या. आम्हाला वाटायचं, टापटीपीचं वेड. पाण्याचा जगही असाच इकडून तिकडे फिरायचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगते, आधी रागच आला. म्हणजे या बाईंना सगळं कळत होतं! आम्ही इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मिशा पिळत होतो, ती यांच्या कृपेने चालली होती!

"ती आणखी एक करते," भाची म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मूठ अशी गालाला लावून बसते. तासन्‌तास. आम्हाला वाटलं दात दुखतोय. मी दंतवैद्यालासुद्धा आणलं. ते म्हणाले दात उत्तम आहेत."

 मुंगीने तोंड भिंतीकडे केलं. कोर्टात समोरच्याला रडवणारी बाई ती, आता तिचेच खांदे हलत होते. मला आठवत होतं, ज्या दिवशी मी मूठ गालाला लावायचे त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई हमखास मला कामाला जुंपायच्या. बागेला पाणी घाल, फळा पूस, माझ्याबरोबर बाजारात चल, पिशवी धर. मी चरफडायचे. म्हणायचे, रडकीलाच कशी शोधून काढते ही बाई छळायला. दिवसभर बाईंच्या मागे मागे फिरायचे आणि संध्याकाळपर्यंत रडणं विसरून जायचे. इतकी वर्षं मी त्याला शिक्षा समजत आले होते. बाईंवर माझं प्रेम आहे हे मला त्या खोलीत, त्या क्षणी कळलं.

"त्यांना घरी जायचंय हो," लांबी भाचीला म्हणाली. "दुसरं काही नाही."

भाचीने डोळे पुसले आणि मग तिने सांगितलं ते ऐकून आमचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी पुनर्वसन केंद्रातली बाई तपासायला येणार होती. तिथे अशा रुग्णांना बोलायला, चालायला शिकवतात आणि पुष्कळ जण आपापल्या घरी परततात. पण जागा थोड्या, म्हणून ज्यांना सांगितलेलं समजतं अशांनाच घेतात. बाई त्या तपासणीत उतरल्या नाहीत, तर उरतं ते शुश्रूषागृह. भाची तेही बघून आली होती. "वाईट नाहीये," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. पण ओळीने पलंग, आणि सगळे नुसते छताकडे बघत पडलेले. कुणी कुणाशी बोलत नाही. तिथून कुणी घरी जात नाही."

"मग तर झालंच," मी म्हटलं. "यांना सगळं कळतंय. उद्या दाखवतील."

"मी डॉक्टरांना हाताच्या खुणांचं सांगते. पण ते म्हणतील, जुन्या सवयी शिल्लक राहतात. केंद्रातल्या त्या बाईला स्वतःला पटायला हवं." तिला आशा वाटत होती आणि आशेची भीतीही वाटत होती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "मागे दोनदा डॉक्टरांनी सोप्या गोष्टी विचारून पाहिल्यात. तिने काहीच केलं नाही. डोळे मिटून घेतले."

मी बाईंजवळ गेले. खाली वाकले आणि बसमध्ये पोरांना सांगते तसं सांगितलं, "बाई, उद्या तुमची परीक्षा आहे. न घाबरता नीट उत्तरं द्यायची, काय?"

बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी डावा हात वर केला आणि चिमटीत काहीतरी बारीक धरल्यासारखं करून ते माझ्या नाकासमोर नाचवलं. टाचणी.

स्वतःचं नावही ठाऊक होतं त्यांना! आम्ही तिघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की परिचारिका या खेपेला आम्हाला बाहेर काढायलाच आली.

दुसऱ्या दिवशी मी बस बदलीच्या ड्रायव्हरला दिली आणि सकाळीच इस्पितळ गाठलं. मुंगीने तारीख पुढे ढकलून घेतली होती. लांबी बातम्या वाचून थेट आली होती. केंद्रातली स्पीच थेरपिस्ट अगदी तरुण निघाली, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. खांद्याला झोळी, हसरा चेहरा.

"तुम्ही थांबू शकता," ती आम्हाला म्हणाली, "पण मी विचारत असताना कुणी मधे बोलायचं नाही आणि कुणी खुणा करायच्या नाहीत. नाहीतर मला हे मोजता येणार नाही."

म्हणजे पुन्हा जेवणघरच. आम्ही भिंतीशी उभ्या राहिलो.

ती खुर्ची ओढून बाईंसमोर बसली. गोड आवाजात, एकेक अक्षर ताणत म्हणाली, "आजी, नाक कुठंय आपलं? नाक दाखवा बघू!"

बाईंनी डोळे मिटले.

"बरं, कान? कान दाखवता का आजी? शाब्बास! प्रयत्न करा."

बाईंनी मान खिडकीकडे वळवली. थेरपिस्टने झोळीतून चमचा, कंगवा आणि चावी काढून ट्रेवर मांडली. "यातला कंगवा कुठला आजी? केस विंचरतो तो?" बाई ढिम्म. हात पांघरुणावर, बोटं निश्चल. एरवी दिवसभर चालू असणारा हात आता जणू मुद्दाम गप्प बसला होता. थेरपिस्टने कागदावर काहीतरी टिपलं. भाचीने मान खाली घातली.

 मला बाईंचा चेहरा पाठ आहे. ही न समजण्याची लक्षणं नव्हती. हा पाणउतारा झालेल्या माणसाचा चेहरा होता. जन्मभर जिने दुसऱ्यांची परीक्षा घेतली, तिला नाक दाखव म्हणता? शाब्बास म्हणता? मुंगीने माझा पदर धरून ठेवला होता. ती मला ओळखून आहे.

"आजी, मी जाऊ का मग?" थेरपिस्टने वस्तू झोळीत टाकायला घेतल्या.

"अहो, त्यांना असं विचारू नका!" माझा भोंगा वाजलाच. "त्या बाई आहेत!"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. बाईंनीही डोळे उघडले. माझे कान तापले, पण आता मागे फिरणं नव्हतं.

थेरपिस्ट रागावली नाही. "मी सांगितलं होतं ना, बोलायचं नाही?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "कसं विचारू मग?"

"विचारूच नका," मी म्हटलं. "चूक करा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्यासमोर काहीतरी चुकीचं बोला. आणि बघा."

 तिने झोळीतून कंगवा बाहेर काढला, बाईंसमोर धरला आणि साध्या आवाजात म्हणाली, "हा चमचा आहे."

बाईंचा डावा हात पांघरुणावरून उठला. तर्जनी सरळ झाली आणि डावीकडे, उजवीकडे हलली. नाही.

भाचीच्या तोंडून आवाज निघाला. थेरपिस्टने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ही चावी आहे," तोच कंगवा पुढे धरून ती म्हणाली. बोट पुन्हा हललं. "हा कंगवा आहे." बोट थांबलं. बाईंची मान एकदाच, किंचित खाली झाली.

मग तिने वेग घेतला. मधे मधे खरंही बोलायची, म्हणजे बाईंना अंदाजाने उत्तर देता येऊ नये. बाहेर अंधार पडलाय. नाही. आपण इस्पितळात आहोत. मान. तुमची भाची तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. नाही, आणि वर एक तुच्छतेची नजर. दगड पाण्यावर तरंगतो. नाही. चौकोनाला चार कोन असतात. मान. त्रिकोणाला पाच. यावर बाईंनी जिभेने 'च्यक' केलं. तो आवाज ऐकून मला एकदम फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं आणि मी उगीचच मनात त्रिकोणाचे कोन मोजले.

थेरपिस्ट आता खुर्चीत बसलेली नव्हती. ती कधी उठून उभी राहिली आणि तिने हात कधी मागे बांधले हे तिचं तिलाही कळलं नसावं. "बाई," ती म्हणाली, आजी नाही, बाई, "या तुमच्या विद्यार्थिनींमधली सगळ्यात शांत मुलगी ही." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंचं बोट असं जोरात हललं की पांघरूण सरकलं. भाची हसली, लांबी हसली, मुंगी तर भिंतीला टेकली. थेरपिस्टही हसली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. ती खाली वाकली.

"शेवटचं, बाई. तुम्ही आता थकलात. तुम्हाला पुन्हा बोलायला शिकायचं नाहीये."

 बाईंचं बोट हललं. नाही. पुन्हा हललं, पुन्हा. मग बोट पुरेना म्हणून की काय, त्यांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "न्‌," असा काहीतरी आवाज आला. घोगरा, वेडावाकडा. "न्‌... ना..." पुढचं अक्षर काही येईना. त्याऐवजी तोंडाच्या खालच्या कडेतून लाळ ओघळली. बाईंनी झटकन हात तोंडावर धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चादरीची सुरकुती न खपणारी बाई ती. तिला स्वतःचाच तो आवाज ऐकवला नाही.

थेरपिस्टने रुमाल पुढे केला. "आमच्याकडे आलात तर रोज हे असंच चुकावं लागेल," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांसमोर. कित्येक महिने. चालेल?"

 बाईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्हा तिघींकडे, एकेकीकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. मी मात्र मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा बाई, हो म्हणा, नाहीतर मी पुन्हा तोंड उघडीन. बाईंनी तोंडावरचा हात काढला आणि मान खाली केली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, म्हणजे शंका नको.

"सोमवारी गाडी पाठवते," थेरपिस्ट भाचीला म्हणाली. झोळी उचलताना ती माझ्यापाशी थांबली. "तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, प्रश्न सुधारलात. म्हणून चालवून घेतलं." मी मान हलवली. भाची तिच्या मागोमाग बाहेर गेली, ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. लांबीला आणि मुंगीला घरी फोन करायचे होते, त्याही व्हरांड्यात गेल्या.

खोलीत बाई आणि मी.  बाईंनी बोट माझ्याकडे रोखलं.

"चुकलं, बाई," मी म्हटलं. "मधे बोलायला नको होतं."

बोट हललं. नाही. मग बाईंनी डाव्या हाताची पाचही बोटं जुळवून चोच केली आणि ती उघडमीट, उघडमीट केली. ही खूण आमच्यातली नव्हती. ती मी कधी पाहिलीच नव्हती.  बाईंनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं, पुन्हा चोच उघडमीट केली, आणि मग खुर्चीकडे हात केला. बस. आणि बोल.

"मी बोलू?"

मान.

"काय बोलू, बाई?"

त्यांनी हात झटकला, काहीही बोल असा. मी खुर्ची पलंगाला लावून बसले आणि बसबद्दल सांगायला लागले. पहिल्या थांब्यावर चढणारी जुळी, जी रोज खिडकीवरून भांडतात. एक मुलगी, जी चढताना मला तिचा पडलेला दात दाखवते. मी नेहमीच्या सपाट्याने सुटले होते, तेवढ्यात बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघते तशा. आणि माझे ओठ ज्या ज्या आकारात जात होते, त्या त्या आकारात त्यांचे ओठ, वाकडे, थोडे मागे राहून, जात होते.

मी थांबले.  मग जन्मात कधी बोलले नव्हते तितकं सावकाश पहिल्यापासून सांगायला लागले.

"ब... स," मी म्हटलं. "बस."

बाईंनी ओठ मिटले आणि उघडले.